ताईच्या फोल्डरचा पाथ

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण हे घडलंय. एका शनिवारी, दुपारी सव्वातीनला, लख्ख उजेडात, भरल्या ऑफिसात. जिच्या बाबतीत घडलं ती माझी मावसबहीण. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात.

धाकटी आणि तिची ताई, दोघी एकाच ऑफिसात प्रोग्रामर. हॉस्पिटलचा प्रोग्राम ताईने लिहिलेला. पेशंटचं सलाईन थांबलं की नर्सच्या टेबलावर बेल वाजायची.

त्याच हॉस्पिटलात त्यांचे बाबा दाखल होते.

त्या शनिवारच्या अकरा दिवस आधी ताई अपघातात गेली. बाबांचं हृदय नाजूक, म्हणून त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी धाकटी ताईचा कोड वाचत होती. एका ओळीवर तिची नजर अडकली...

बेल वाजवणारी फाइल ताईच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरून लोड होत होती. घाईत आपल्याच फोल्डरचा पाथ, म्हणजे पत्ता, लिहायचा आणि नंतर बदलू म्हणायचं, ही ताईची जुनी खोड.

पण त्या कॉम्प्युटरमधलं सगळं तर आठवड्यापूर्वीच पुसून टाकलं होतं.

धाकटीने ताईच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. वायर काढलेली. वर धुळीचा थर.

मग फाइल येतेय कुठून...?

तिने प्रोग्रामच्या नोंदींचा लॉग उघडला. 'फाइल लोड झाली.' वेळ... तीन वाजून चौदा मिनिटं.

एका मिनिटापूर्वीची.

तिने शेजारच्या सीनियरला बोलावलं. "काका, हे बघा ना."

काकांनी लॉग वाचला. "चालतंय ना? मग कशाला हात लावतेस, बाई?"

"आणि उद्या बंद पडलं तर? माझे बाबा आहेत तिथे!"

तिने पाथ बदलला. सर्व्हरवरचा, व्यवस्थित. दोनदा तपासून पाहिलं. कुठे काही चूक नव्हती.

दहा मिनिटांनी आईचा फोन.

"अगं, बाबांचं सलाईन थांबलं आणि बेल वाजलीच नाही! मी ओरडले म्हणून नर्स धावत आली..." आईला हुंदका आवरेना. "आणि हे काय बोलताहेत बघ. म्हणतात, ताई इतके दिवस उशाशी बसून थेंब मोजत होती... आत्ताच उठून गेली."

धाकटीने जुना पाथ परत टाकला.

'फाइल सापडली नाही.'

पुन्हा टाकला.

नाहीच.

बाबा वाचले. घरी आले. ताईचं त्यांना अजूनही कुणी सांगितलेलं नाही. पाथचं तर नाहीच नाही.

तरी धाकटी समोर आली की ते एकच विचारतात. मी माझ्या कानांनी ऐकलंय...

"तू तिला का उठवलंस गं?"