जुन्या इमारतीचा पत्ता

दिवा असू दे. अंधार करून भीती घालायची हौस मला नाही. फक्त ते मोबाईल बंद करून ठेवा, कारण मध्येच कुणाचा वाजला तर मीच दचकेन.

ही माझ्या भाच्याची गोष्ट. तुमचा तो खटपट्या काका. आज पंखे-मिक्सर दुरुस्त करतो, पण आधी मोठ्या ऑफिसांत नेटवर्क टाकायचा, फोन बसवायचा. ते काम का सोडलं विचारलं की विषय बदलतो. माझ्याजवळ एकदाच बोलला. थाप असेल म्हणाल, तर थाप मारायलाही थोडी कल्पकता लागते, आणि ती त्याच्याकडे औषधालाही नाही.

मार्चमधला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेनऊ. जेवून हात धूत होता, तेवढ्यात एका ऑफिसच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला.

‘दारावरच्या टेबलाचा फोन आत्ता जाऊन बंद कर. आणि दुसऱ्या कशाला हात लावू नकोस.’

‘सोमवारी सकाळी जातो ना, साहेब.’

‘सोमवारपर्यंत आमची अब्रू राहायची नाही.’

खटपट्यानं पिशवी खांद्याला लावली. बायकोला म्हणाला, झोप तू, मी तासाभरात येतो.

आता साहेबांची अब्रू त्या फोनात कशी अडकली होती ते ऐका. ते ऑफिस नुकतंच जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत आलं होतं, शहराच्या या टोकावरून त्या टोकाला. फोन सगळे इंटरनेटवरचे. पूर्वीचा फोन भिंतीला बांधलेला असायचा, तार संपते तिथं माणूस. यांचं तसं नाही. उचला, दुसरीकडे न्या, नेटची वायर खोचा, नंबर तोच. एका रात्रीत सगळे फोन हलवले म्हणून साहेबांनी भाषणात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

“मग बरंच की, आजोबा.”

बरंच आहे. फक्त एक गोम आहे. त्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली की तिकडच्या पडद्यावर जो पत्ता दिसतो, तो कुणीतरी हातानं भरलेला असतो. फोन हलला तरी पत्ता आपोआप हलत नाही. खटपट्यानं साहेबांना आठवण करून दिली होती. साहेब म्हणाले, ‘वरून परवानगी येऊ दे, मग बदल.’ त्या ऑफिसात वरून परवानगी आल्याशिवाय खुर्चीसुद्धा सरकत नसे. हाही म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, होईल.

आणि एका रात्री दारावरच्या मामांच्या छातीत कळ आली. मामा म्हणजे रात्रीचे वॉचमन. खटपट्या वायरी ओढायचा तेव्हा त्याची शिडी धरणारे, थर्मासमधला चहा आधी त्याला देऊन मग स्वतः पिणारे. मामांनी टेबलावरचा फोन ओढला, ॲम्ब्युलन्सला लावला. तोंडातून शब्द फुटला नाही. नाही फुटला तरी चाललं असतं, पत्ता पडद्यावर दिसतोच ना. गाडी निघाली, सुसाट गेली, आणि थांबली जुन्या इमारतीसमोर. कुलूप घातलेल्या शटरवर ड्रायव्हरनं हात दुखेपर्यंत थापा मारल्या. मग परत गेला. सकाळी झाडूवाल्या बाईंना मामा टेबलाखाली सापडले.

साहेबांनी घरच्यांना सांगितलं, झोपेतच गेले. मामांची मुलगी त्यांचा डबा न्यायला आली होती. तिनं खटपट्याला विचारलं, ‘बाबांनी कुणाला हाक मारली नाही का हो?’ हा मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला. त्याच दुपारी साहेबांना म्हणाला, आता तरी पत्ता बदलतो. साहेब म्हणाले, ‘आता बदललास तर आधी चुकीचा होता हे कबूल केल्यासारखं होईल. हात लावायचा नाही.’ असल्या डोक्यांना पगार मिळतो बघा. तुमच्यासमोर शिव्या द्यायच्या नाहीत म्हणून पुढं जातो.

तेव्हापासून रोज रात्री त्या टेबलावरून ॲम्ब्युलन्सला फोन जायला लागला. टेबलाजवळ कुणी नाही. नवा वॉचमन भिऊन गेटबाहेर बसायचा. फोनवर शब्द नाही, नुसता श्वास. गाडी रोज जुन्या इमारतीकडे धावायची. शेवटी ॲम्ब्युलन्सवाल्यांनी साहेबांना दम दिला की आज पुन्हा असं झालं, तर तुमच्या ऑफिसचा एकही कॉल आम्ही घेणार नाही. म्हणजे उद्या तिथं खरंच कुणी कोसळलं, तर कुणीही येणार नव्हतं. साहेबांनी काय करावं? शिव्या खायला म्हणून खटपट्याचा नंबर ड्रायव्हरला देऊन टाकला.

तर त्या शनिवारी रात्री खटपट्या पोचला. वॉचमननं बाहेरूनच किल्ली दिली. आत टेबलाशी एकच दिवा. यानं फोनची वायर काढली. फोनचा पडदा काळा झाला. भिंतीतल्या कपाटाशी जाऊन वायरीचं दुसरं टोकही उपटलं. मग फोन मांडीवर घेऊन टेबलाशी बसला. म्हणाला, सुटलो.

थोडा वेळ गेला.

खिशातला मोबाईल वाजला. ड्रायव्हर.

‘अहो, बंद करणार होता ना?’

‘केलाय.’

‘आत्ता आलाय कॉल. त्याच नंबरवरून. आम्ही शटरसमोर उभे आहोत.’

खटपट्यानं मांडीवर पाहिलं. ना वायर, ना उजेड.

‘कोण... कोण बोललं?’

‘कुणी नाही. श्वासच. आज कमी वाटला.’

...

तेव्हा टेबलाखालून आवाज आला. कुणीतरी श्वास आत ओढला. बाहेर सोडलाच नाही...

हा खाली वाकला नाही. पायही हलवले नाहीत. पिशवीतून लॅपटॉप काढला. पत्ता उघडला. जुनी इमारत खोडली. नवी लिहिली.

झालं.

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत रे. एवढंच काम होतं. हे सांगताना माझ्यासमोर बसून तो लहान पोरागत रडला, आणि मला त्याची कीवही आली, रागही आला.

मोबाईल पुन्हा वाजला.

‘परत कॉल आलाय. या वेळी पत्ता वेगळा दिसतोय.’

‘या,’ खटपट्या म्हणाला. ‘लवकर या.’

गाडी आली. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार स्ट्रेचर घेऊन धावत आत आले.

‘पेशंट कुठाय?’

यानं टेबलाखाली बोट दाखवलं.

ड्रायव्हर वाकला. खाली फरशी. बाकी काही नाही. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला... मामा गेले त्या रात्री शटरवर थापा मारणारा तोच होता. मग त्यानं स्ट्रेचर टेबलाला लावून ठेवलं. तिघंही उभे. कुणी हललं नाही.

‘चला, उचला,’ ड्रायव्हर हळूच म्हणाला.

आत येताना जोडीदारानं स्ट्रेचर एकट्यानं काखेत मारून आणलं होतं. आता दोघांच्या हातांच्या शिरा ताणल्या. दारात थांबले. पकड बदलली. एकमेकांकडे पाहिलं नाही.

गाडी सायरन वाजवत गेली.

त्या रात्रीनंतर फोन आला नाही. रविवारी खटपट्या मामांच्या मुलीकडे गेला. म्हणाला, ‘हाक मारली होती, ताई. आम्ही गाडीला चुकीचं दार दाखवलं.’ तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. परवानगीशिवाय पत्ता बदलला म्हणून सोमवारी साहेबांनी याचं काम काढून घेतलं. साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत.

पुढचं ड्रायव्हरनं याला नंतर सांगितलं. हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली. त्यानं मागचं दार उघडलं. स्ट्रेचर रिकामं. पण त्याचे पट्टे आवळलेले होते. ते ना त्यानं आवळले होते, ना जोडीदारानं. दोघांनी पट्टे सोडले. खालची चादर... माणसाच्या पाठीएवढी, घामानं ओली होती.