हात सोडायचा नाही

कुडाळजवळच्या कातळी सड्यावर साथरोग संशोधन केंद्राची पांढरी इमारत उभी होती. तिच्या तळमजल्यावर, जाड काचेच्या खोलीत, सगुणा रोज सकाळी एका खांबाशी फुगडी घाली. खांबाला दोन मुठी होत्या. ती मागे रेलली की खांबही तेवढ्याच जोराने तिला तोलून धरी आणि गोल फिरे. केंद्रातले लोक त्याला 'प्रतिभार-खांब' म्हणत. सगुणा 'माझी गडीण' म्हणे.

मल्टिपल स्क्लेरॉसिसने तिचे पाय कुरतडायला घेऊन बरीच वर्षं झाली होती. चालतं राहायचं तर फिरायला हवंच, आणि साथीने माणसाचा हात माणसाला वर्ज्य केला होता. फिरता फिरता ती गाई :

"फुगडी घालते लोखंडाशी, नणंद माझी काचेपाशी;
काचेमागं पिते चहा, भावजयीची गंमत पाहा!"

काचेपलीकडे डॉ. विशाखा गावडे खरोखरच चहा पीत होत्या. विषाणुतज्ज्ञ, आणि सगुणाची नणंद.

"भावजय फिरते गरागरा, डावा पाय उचला जरा!" त्यांनी ध्वनिक्षेपकातून परतफेड केली. मग कप खाली ठेवला. "वहिनी, बस. कस्तुरीबद्दल बोलायचंय."

सगुणा थांबली. वरच्या मजल्यावर तिची अकरा वर्षांची लेक साथ लागून श्वासयंत्रावर होती.

"तुझ्या पांढऱ्या पेशींना एक वाईट खोड आहे," विशाखा म्हणाल्या. "वायरीवर रबर असतं तसं मज्जातंतूंवर वेष्टन असतं. तुझ्या पेशी त्यालाच शत्रू समजून खातात. तुझं शमनद्रव औषध त्यांना अर्धवट झोपवून ठेवतं. आता गंमत बघ. हा विषाणू सोंगाड्या आहे. तो नेमकं त्याच वेष्टनाचं सोंग घेऊन शिरतो. बाकीच्यांच्या पेशी त्याला घरचा समजून वाट देतात."

"आणि माझ्या पेशी घरच्यालाही सोडत नाहीत."

"म्हणून तर लेकीच्या उशाशी बसूनही तुला साधी शिंक आली नाही."

"मग काढा की माझ्या पेशी आणि घाला पोरीत!"

"अर्धवट झोपेत त्या जेमतेम तुला राखतात, पोरीला काय वाचवणार? शमनद्रव बंद करावं लागेल. त्या खडबडून जाग्या होतील, आणि पहिला घास तुझाच घेतील."

सगुणाने पायाकडे पाहिलं. "घेऊ देत. पण वन्सं, पोरीच्या अंगात जाऊन त्यांनी तिचंही वेष्टन खाल्लं तर?"

"परक्या पेशी शरीर ठेवून घेत नाही. पंधरवड्यात हाकलून देतं. तेवढ्यात सोंगाड्या संपतो. खरं वेष्टन खायला त्यांना वेळच मिळत नाही. तरी मी आधी दुसऱ्या रुग्णांवर करून बघणार. खात्री झाल्याशिवाय भाचीला हात लावणार नाही."

"म्हणजे पहिला घास माझा, आणि चव शेजाऱ्यांनी बघायची," सगुणा म्हणाली.

शमनद्रव बंद झालं. आधी डावं पाऊल गेलं. मग हातांची बोटं बधिर झाली, मूठ धरली आहे की नाही हे बघून ठरवावं लागे. तिने जुन्या लुगड्याचा काठ फाडून मनगटं मुठींना बांधली, आणि फरफटत का होईना, फिरत राहिली. तिच्या पेशी घेतलेले परके रुग्ण एकेक करून उठले आणि घरी गेले. मग कस्तुरीची पाळी आली. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि आंबोळी मागितली.

पुढच्या महिन्यात काच उघडली.

"आई, खांबाशी पुरे. माझ्याशी घाल," कस्तुरी म्हणाली.

फुगडीचा नियम सगुणाने तिला बोलायला शिकवतानाच शिकवला होता : खुशाल मागे रेलायचं, पण हात सोडायचा नाही. एकीने सोडला तर दोघी आपटतात. दोघींनी हात गुंफले. सगुणा एका पायावर जेमतेम फिरली, एक गिरकी, दुसरी, आणि दोघी धाडकन फरशीवर पडल्या.

"माझीच बोटं मेली गं," सगुणा हसत म्हणाली.

"नाही आई." कस्तुरी आपल्याच हाताकडे बघत होती. "माझी सुटली. कालपासून मुंग्या येतात."

विशाखांनी तिचं रक्त तपासलं.

"इतरांच्या रक्तात तुझी एकही पेशी उरली नाही, वहिनी. हिच्या रक्तात त्या वाढल्यात, आणि आता हिचं वेष्टन खातायत. पोटात असताना आईच्या थोड्या पेशी लेकरात जातात. तेव्हाच त्याचं शरीर शिकतं, की या आपल्या, यांना हाकलायचं नाही. मला सुचायला हवं होतं. मी परक्यांवर तपासलं."

"शमनद्रव?"

"पुढचं लांबवेल. गेलेलं आणणार नाही."

"सगळ्यांनी हाकललं," सगुणा सावकाश म्हणाली. "हिनंच तेवढं ठेवून घेतलं."

ती भिंतीला धरून उठली. मनगटावरचा लुगड्याचा काठ दातांनी सोडला आणि लेकीला खांबाकडे ओढलं.

"आई, दुखतंय. मला रडू येतंय."

"रडायचं नंतर. रेल मागे."

"हात सुटेल ना!"

"सुटायचा नाही," सगुणा म्हणाली, आणि लेकीचं मनगट खांबाच्या मुठीला बांधून बधिर बोटांनी गाठ आवळू लागली.