सोमवारची भेग

"नऊ," पट्टी म्हणाली. "बरोबर नऊ कागद जातात."

वहीतून फाडलेल्या कागदांची गड्डी तिने बेकरीच्या भिंतीतल्या भेगेत सरकवून पाहिली होती. दिसेल ते मोजायची तिला खोडच होती, म्हणून तर शाळेत तिचं नाव पट्टी पडलं. सुट्टीत ती मामाकडे आली होती आणि मामेभाऊ व त्याच्या मित्राला बरोबर घेऊन शहरातल्या जुन्या इमारती बघत हिंडत होती. मामेभावाला सगळे होकायंत्र म्हणत, कारण तो स्वतःच्या गल्लीतसुद्धा रस्ता चुकायचा. मित्राचं नाव भुकेश. दर इमारतीमागे काहीतरी खायला मिळणार असेल तरच येतो, असं त्याने आधीच बजावलं होतं. त्याप्रमाणे घड्याळाच्या मनोऱ्यापाशी भाजलेलं कणीस झालं होतं आणि जकातघराच्या कमानीखाली मधात घोळवलेले बदाम.

आज पाळी होती शहरातल्या सर्वांत जुन्या बेकरीची. चार मजली विटांची इमारत, खाली तीन कमानी आणि छप्पर भेदून वर गेलेलं भट्टीचं धुराडं. पण सोमवार म्हणजे बेकरीला सुट्टी. त्यामुळे भुकेशचं तोंड एवढंसं झालं होतं.

मामा नगरपालिकेत इंजिनियर होता. भट्टीमागच्या बोळात स्टुलावर चढून तो भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवत होता. मग त्याने तिच्यावर तारीख लिहिली.

"काच कशाला, बाबा?" होकायंत्राने विचारलं.

"भिंत सरकली तर काच फुटते. दोन आठवड्यांत दोन फुटल्या. पुढच्या सोमवारी ही तिसरी फुटलेली दिसली, की इमारत रिकामी करून पाडायची."

बेकरीवाल्या मावशी बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. हाताला पीठ नसतानाही त्या पदराला हात पुसत होत्या.

"साहेब, आजोबांपासून ही भट्टी आहे. दुसरीकडे कुठे जाऊ मी?"

"ताई, माझा नाइलाज आहे. काच काही माझ्या सांगण्यावरून फुटत नाही," मामा म्हणाला आणि स्टूल उचलून निघाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे अशा एकवीस इमारती होत्या आणि ही तिसऱ्या पानावर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं पाव खायला आले. भुकेशने पहिला गरम पाव उभ्या उभ्या संपवला आणि दुसऱ्याकडे हात नेला. पट्टी मात्र बोळात शिरली आणि लगेच हाक मारत परत आली.

"काच फुटली!"

तिघांनीही जाऊन पाहिलं. काच मधोमध तडकली होती. मावशींना सांगायचं कसं, हे कोणालाच कळेना. सवयीने पट्टीने कागदांची गड्डी काढली आणि भेगेत घातली. गड्डी जाईना. एक कागद काढला, दोन काढले, तीन काढले, तेव्हा कुठे ती आत गेली.

"सहा," ती म्हणाली. "काल नऊ होते."

"मोजताना चुकली असशील," होकायंत्र म्हणाला.

"मी चुकते का कधी?"

ती खरंच चुकत नसे.

"काच फुटली म्हणजे भेग वाढली ना? मग ही लहान कशी झाली?"

भुकेश पाव चावत भिंतीला टेकला आणि चटका बसल्यासारखा पुढे आला. "काय तापलीय ही! सदरा भाजायचा माझा."

पट्टीने भिंतीवर तळहात ठेवला. मग तिने मावशींना गाठून विचारलं, "भट्टी कधी पेटवता?"

"मंगळवारी पहाटे. रविवारी दुपारी शेवटचा घाणा निघतो, मग सोमवारी विझलेली असते. का गं?"

"अजून नक्की माहीत नाही. सांगते."

त्यानंतर रोज दुपारी ती कागद घेऊन बोळात जाऊ लागली. बुधवारी सहा. गुरुवारी सहा. शुक्रवारी, शनिवारीही सहा. रविवारी संध्याकाळी, भट्टी विझून चार तास झाल्यावर, सात. भिंत तापली की विटा फुगत होत्या आणि भेग मिटत होती. निवली की भेग परत उघडत होती. काच मात्र नेमकी थंड भिंतीवर चिकटवलेली असायची, आणि भिंत तापली की दाबाने तडकायची.

"आता बाबांना सांगून टाकू," होकायंत्र म्हणाला.

"मामा म्हणेल, छान हं बाळ, आणि उद्या नोटीस चिकटवेल. त्याच्याच हाताने मोजायला लावलं पाहिजे." ती मावशींकडे वळली. "उद्या पहाटे भट्टी पेटवाल?"

मावशी बघतच राहिल्या. बावीस वर्षांत सोमवारी भट्टी पेटली नव्हती. आठवड्यात तेवढा एकच दिवस त्या गुडघ्यांना शेक देत पडून राहत. पण मुलीच्या वहीतले आकडे त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "पेटवते."

सोमवारी दुपारी चार वाजता मामा लाल नोटीस घेऊन आला. फुटलेली काच दिसताच तो नोटिशीला डिंक लावू लागला.

"मामा, भेग मोजणार नाहीस?" पट्टीने विचारलं. "तुझ्या वहीत रकाना आहे ना?"

"आहे तर." रकाना रिकामा ठेवणं मामाच्या जिवावर यायचं. त्याने खिशातलं मापक काढून भेगेवर धरलं, डोळे बारीक केले, आणि परत धरलं.

"शून्य पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर."

"आणि आधीच्या सोमवारी?"

मामाने पान उलटलं. "शून्य पूर्णांक नऊ दशांश." आणखी मागे गेला. "नऊ. नऊ." तो थांबला. तीन सोमवार त्याने भेग मोजली होती आणि तीनही वेळा ती तेवढीच होती. काच फुटली म्हणून त्याने स्वतःच लिहिलेल्या आकड्यांकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

"पडायला आलेल्या भिंतीची भेग लहान होते का?" पट्टीने हळू आवाजात विचारलं.

मामाने भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "ही तापलेली कशी?"

"तू नेहमी सोमवारीच येतोस म्हणून तुला माहीत नाही."

"बाकीच्या दिवशी इथे रांग असते आणि पीठ उडतं," मामा पुटपुटला. बोलता बोलताच त्याचे कान लाल झाले. पट्टीने आपली वही त्याच्या हातात दिली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली, नोटिशीची घडी घातली आणि स्टुलावर बसला. "ताई, भट्टी आता निवू द्या. मी इथेच आहे."

दर तासाला तो मोजत राहिला. अंधार पडेपर्यंत आकडा सातवर आला होता. पहाटे सहाला, मावशींनी भट्टी पेटवण्याआधी, तो पुन्हा हजर झाला, तेव्हा बरोबर नऊ होता.

तरीही मामाने घाई केली नाही. पुढचा महिनाभर ऑफिसातून रोज माणूस येऊन मोजत राहिला आणि पट्टीची सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी निकाल लागला. इमारत सुरक्षित होती. भट्टीमागे विटांचा एक थर चढवला की भागणार होतं. मामाने तो कागद बेकरीत सर्वांसमोर वाचून दाखवला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की भेगेचं खरं कारण इयत्ता सातवीतल्या एका विद्यार्थिनीने शोधलं.

"बाबा, तुमच्या ऑफिसातल्या साहेबांना हे पटलं?" होकायंत्राने विचारलं.

"ते म्हणाले, इंजिनियर कोण, तू की ती? मी म्हटलं, त्या सोमवारी तरी तीच होती."

मावशींना हसूही येत होतं आणि रडूही. पट्टीला त्यांनी पोटाशी धरलं, तेव्हा तिच्या केसांना पीठ लागलं. मग डोळे पुसून त्या आत गेल्या आणि उद्याच्या पावांसाठी कणीक मळायला घेतली.