शेंग लागली का हाताले?

या, असे जवळ सरका. टाळ जरा खाली ठेवा. उकरण्याची गोष्ट सांगतो... आणि तीही प्रेमाची!

एकसष्ट सालची दिवाळी सरली होती. बोरी अरबजवळच्या तांड्यातली बिजली भुईमूग उपटून झालेल्या वावरात खुरपं घेऊन बसली होती. मातीत राहिलेल्या शेंगा उकरायच्या. ज्याला सापडतील त्याच्या. एका ढेकळावर तिचं खुरपं पडलं आणि त्याच ढेकळावर दुसरंही — खण्ण!

"हे ढेकूळ माह्यं होय," समोरचा पोरगा म्हणाला.

"घे ना. शेंग निघाली तर अर्धी मले दे."

निघाली. दोन दाण्यांची. एक दाणा त्याने तिच्या तळहातावर ठेवला... बोटं मात्र लवकर उचलली नाहीत. शेजारच्या तांड्यातला भावसिंग तो.

घरच्यांना पसंत पडलं. दत्तजयंतीच्या सप्ताहाचा काला झाला की सगाईचा गूळ फोडायचा, असं ठरलं. तेवढ्यात कुणीतरी बिजलीच्या कानी घातलं, की भावसिंग राळेगावच्या बाजारात धनी नावाच्या पोरीला सायकलवर बसवून हिंडायचा.

झालं!

"धनी गोरी होती?"

"होती. बिजले, आवडत होती ती मले, खोटं कायले सांगू? तिचं लगन झालं. संपलं."

"सायकलवर पुढं बसे का मांगं?"

"मांगं."

"मंग हसे काहून?"

रोज हेच. शेवटी भावसिंगचा चेहरा उतरला. "उद्या काला हाय. तोवर सांग. मी पाहिजे, का धनीची चवकशी पाहिजे?" आणि पाठ फिरवून गेला. पण बिजलीचा मत्सर काही खाली बसेना.

दुसऱ्या दिवशी देवळात पुंडलिकरावबुवा कीर्तनाला उभे राहिले. चिपळ्या थांबवून म्हणाले, "मायबाप हो, उकरणं म्हणजे काय? संस्कृतात 'उत्' म्हणजे वर, 'कॄ' म्हणजे विखुरणं. माती वर काढून विखुरली, झालं उकरणं! अन् त्या विखुरल्याची रास म्हणजे 'उत्कर'. त्याचाच झाला आपला उकिरडा. एकाच घरचे दोघं! शेंग लागेपर्यंत उकरावं... पण शेंग लागल्यावरही जो उकरतच राह्यते, त्याच्या दारी काय जमते?"

"उकिरडा!" सभा खदखदून हसली.

बिजली हसली नाही. शेंग तर पहिल्याच दिवशी लागली होती... अर्धी त्याची, अर्धी तिची.

काल्याच्या गर्दीत दहीलाह्यांची ओंजळ तिने भावसिंगपुढे धरली.

"मले तूच पाहिजे... खुरपं ठेवलं मी."

"खरंच? आता एकबी सवाल नाही?"

ती लाजली. "एकच. मले सायकलवर पुढं बसवशीन?"

तो असा हसला, की गुळाआधीच तिचं तोंड गोड झालं.

तर मंडळी, एवढं करा. काल्याचा घास घ्याल तेव्हा राळेगावच्या धनीची आठवण काढा. बिचारीने काय केलं होतं? सायकलवर मागे बसून हसली, एवढंच... आणि इकडे बिजली तिचं नाव घेई, तिकडे सासरी तिला उचकी लागे. महिनाभर पाणी पिऊन पिऊन थकली हो ती. एकदा तरी तिला चांगल्या मनाने आठवा.