चुकीचा पाना

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. फेब्रुवारीत पाऊस यायचं काही कारण नव्हतं, पण त्या सकाळी तो आला, आणि अवजारांच्या दुकानाच्या दारात एक नखशिखांत भिजलेला माणूस येऊन उभा राहिला.

"गाडीचं छत वर येत नाहीये," तो म्हणाला. "काही... देता का?"

काउंटरमागे ती होती. तेवीस वर्षांची, वेणी पाठीवर टाकलेली, कानामागे पेन्सिल. बाबांची नजर अधू झाल्यापासून दुकान तीच पाहायची. बाबा मागच्या खोलीत बसून, नुसत्या बोटांच्या अंदाजानं, पटाशांना धार लावायचे. आत्या खिडकीशी बसून पाठवायच्या मालाच्या याद्या तपासायची. बरोबर वस्तूपुढे टिंब, चुकीच्या वस्तूपुढे फुली, आणि खाली सही. तिच्या सहीशिवाय दुकानातून खिळासुद्धा बाहेर पडत नसे.

तिनं तेलाची बुधली आणि पक्कड घेतली आणि त्याच्यामागे बाहेर गेली. रस्त्याच्या कडेला एक लाल, बसकी, दोनच माणसांची गाडी भिजत उभी होती. बिजागरीत तेल सोडून तिनं दोन हिसके दिले, तसं छत कुरकुरत वर आलं. तोवर तीही भिजली होती. तो ओशाळून हसला. हसताना त्याचा उजवा गाल आधी हसायचा, डावा मागून. हे तिनं पाहिलं, आणि पाहिलं ते पाहिलंच.

आत्या दारापर्यंत येऊन गाडी न्याहाळून गेली. "चाकं तर सायकलीसारखी तारांची," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव ठेवलं— बिनछपराचा.

तो एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचा. गाडी त्याच्या मामाची. मामाचं समुद्राकाठच्या गावी होड्या दुरुस्त करण्याचं आवार होतं, आणि पडून त्याचा पाय मोडला होता. गाडी घेऊन ये आणि येतोस तो राहायलाच ये, असं मामाचं पत्र आलं होतं. चारशे मैलांचा रस्ता, जुनं इंजिन, वाटेत धड गॅरेज नाही. तेव्हा अडीअडचणीला लागेल अशी अवजारांची एक पिशवी त्याला डिकीत ठेवायला हवी होती. निघायला दोन आठवडे होते.

अशा पिशव्या हे त्या दुकानाचं वैशिष्ट्यच होतं. ती स्वतः जाड कॅनव्हास कापायची, प्रत्येक अवजाराला त्याच्या मापाचा कप्पा शिवायची, आणि प्रत्येक अवजार फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळायची. घाईत लागेल ते वर, वजनाचं ते तळाशी. शेवटी सगळी पिशवी कानाशी धरून हलवायची. आत काही वाजलं, की उसवून पुन्हा शिवायची.

पण त्या गाडीची डिकी म्हणजे नावालाच डिकी. निम्मी स्टेपनीनं व्यापलेली, उरलेल्या जागेत एक उशी जेमतेम मावेल. ती तीन वेळा माप घ्यायला गेली. वाकून, वीत आणि बोटं लावून आकडे सांगायची, आणि तो आराखड्याच्या कागदावर टिपून घ्यायचा. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, की डिकी कालपासून काही वाढलेली नाही. त्यावर ती म्हणाली, मोजणाऱ्याची बोटं थंडीनं आखडतात, खात्री केलेली बरी. आणि दोघंही उगाचच स्टेपनीकडे बघत राहिली.

मग तो रोज यायला लागला. एकदम सगळी खरेदी करायची सोडून रोज एकच वस्तू. सोमवारी स्क्रूड्रायव्हर. मंगळवारी फॅनबेल्ट. बुधवारी फ्यूजची डबी घेतली, ती गुरुवारी बदलायला आणली.

"आला गं तुझा बिनछपराचा," आत्या यादीतून मान वर न करता म्हणायची. "आज काय, एक वॉशर?"

सगळ्यांत छळलं ते चाकाच्या पान्यानं. चार तोंडांचा, फुलीसारखा, लोखंडी, कशातच बसेना. दोन दिवस ती त्याच्याशी झटत होती. शेवटी पिशवीच्या तळालाच तिनं त्याच्यासाठी सपाट, चौकोनी कप्पा शिवला. तो समोरच्या स्टुलावर बसून पाहत होता. एकदा काहीतरी बोलायला म्हणून त्यानं तोंड उघडलं, भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं, आणि मिटलं. पाटीवर बाबांनी वीस वर्षांपूर्वी रंगवून घेतलेली ओळ होती: 'आमच्याकडून चुकीचा माल गेल्यास, योग्य माल आम्ही स्वतः आणून देऊ.' वीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं पिशवी त्याच्या कानाशी धरून हलवली. काही वाजलं नाही.

"छान," तो म्हणाला. मग जरा थांबून— "आता रोज यायला काही कारण उरलं नाही."

तिच्या ओठांवर आलं होतं. काय आलं होतं ते तिचं तिला ठाऊक. पण ती म्हणाली, "पाणी वेळेवर घालत जा. रेडिएटरमध्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो निघाला. पूल लागण्याआधीच्या पेट्रोल पंपावर दोन तास थांबणार, इंजिन गार झालं की पुढे, हे त्यानं तिला आठवड्यात चार वेळा तरी सांगितलं होतं. लाल ठिपका वळणावर दिसेनासा झाला. ती आत आली आणि झाडलेलं दुकान पुन्हा झाडू लागली.

साडेनऊच्या सुमारास शेजारच्या गॅरेजचे मिस्त्री ब्लेड मागायला आले. बिनछपराच्याला काय काय बांधून दिलं, त्यांनी सहज विचारलं. तिनं घडाघडा यादी म्हणून दाखवली. पान्यापाशी मिस्त्री हसायला लागले.

"ताई, चार तोंडांचा पाना? अहो, त्या गाडीच्या चाकाला चार नट आहेतच कुठे. मधोमध एकच मोठा नट, दोन कान असलेला. तांब्याच्या हातोडीनं कानावर ठोकला की सुटतो. लोखंडी मारली तर कान तुटायचा."

तिच्या हातातला झाडू तसाच राहिला. चारशे मैल. एक खिळा चाकात गेला तर माणूस तिथेच बसणार, अवजारांनी भरलेली पिशवी मांडीवर घेऊन.

"मी तीनदा गाडीपाशी गेले होते," ती म्हणाली, स्वतःशीच म्हटल्यासारखं. "तीनदा."

आत्यानं चष्मा काढून पुसला. "तांब्याची हातोडी वरच्या फळीवर आहे. पुलाकडची बस दहाला सुटते. पाटीवर लिहिलंय ते खोटं पाडायचं नाही." आतून बाबांचा धार लावण्याचा आवाज थांबला होता. "छत्री घेऊन जा गं," ते म्हणाले. आभाळात एक ढग नव्हता.

बसमध्ये ती मांडीवर हातोडी घेऊन बसली. शेजारच्या बाईनं हातोडीकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि जरा पलीकडे सरकली. तो नऊलाच पंपावर पोचला असणार, दोन तासांनी निघणार, म्हणजे अकरा. बस पोचायची साडेबाराला. तरी ती निघाली होती. पुढे एखादा ट्रक थांबवीन, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

लाल गाडी पंपावरच होती, चिंचेच्या सावलीत, छत उघडं. तो बॉनेटला टेकून रस्त्याकडे बघत उभा होता. तिला बसमधून उतरताना पाहिलं आणि त्याचा उजवा गाल हसला. डावा थोड्या वेळानं.

"इंजिन गार नाही झालं?" तिनं धापा टाकत विचारलं.

"केव्हाच झालं."

तिनं हातोडी पुढे केली. चुकीचा माल गेला, म्हणून आणून देते आहे, असं दुकानाच्या आवाजात सांगितलं. त्यानं हातोडी घेतली नाही. वाकून सीटखालून दुसरी काढली— तांब्याच्याच डोक्याची, जुनी, ठोकून ठोकून चेपलेली.

"मामाची," तो म्हणाला. "पहिल्यापासून आहे."

"तुम्हाला माहीत होतं? दोन दिवस मी त्या पान्याशी डोकं फोडत होते, आणि तुम्ही समोर बसून—"

"सांगणार होतो. मग पाटी वाचली." त्यानं मान खाली घातली. "वाटलं, कधीतरी लक्षात येईल... आणि मग कुणीतरी स्वतः येईल. आलं नसतं, तर समजलो असतो."

ती रागावली होती. निदान तसं तिला वाटत होतं. "आणि मी आलेच नसते तर?"

"बारापर्यंत थांबायचं ठरवलं होतं. मग साडेबारापर्यंत." तो थांबला. "पण एक सांगा. तीन वेळा गाडी मोजलीत. बोटाबोटानं. एवढी तारांची चाकं, तुम्हाला एकदाही दिसली नाहीत? कुठे बघत होतात?"

तिचे कान तापले. समोरून एक बैलगाडी गेली, मग एक सायकल. त्याच्या गालाकडे न पाहता ती म्हणाली, "दिसतंय की तुम्हाला."

त्यानं मामाची हातोडी पुन्हा सीटखाली ठेवली. मग तो म्हणाला, की मामाचा पाय बरा होईपर्यंत जावंच लागेल. पण राहायला नाही. परत येईन, आणि येताना छत बंद करून येईन, म्हणजे आत्यांना नवीन नाव शोधावं लागेल.

"हातोडी घेऊन जा," ती म्हणाली. "दुकानाचा माल आहे. परत आणून द्यावा लागेल."

त्यानं ती घेतली. तिची बोटं दांड्यावरून सुटायला गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लागला.

तो आठ महिन्यांनी आला, हातोडी घेऊन. दिवाणखान्यात बाबांनी ती हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि म्हणाले, वापरलेली दिसत नाही. लग्न त्याच वर्षाअखेर झालं. मामा काठी टेकत आला आणि पंगतीत होड्यांच्याच गोष्टी सांगत बसला. तो पंच्याऐंशी वर्षांचा होईपर्यंत जगला. मिस्त्रींनी गॅरेज मुलाला दिलं, पण ब्लेड मागायला शेवटपर्यंत स्वतःच येत राहिले. बाबांची नजर पूर्ण गेली, तरी धार त्यांच्यासारखी कुणाला जमली नाही. दुकानामागे तिचा नवरा वर्कशॉप चालवू लागला, ती पिशव्या शिवत राहिली. लाल गाडी तीस वर्षांनी विकली. पिशवी विकली नाही. तळाच्या कप्प्यात तो पाना अजून फ्लॅनेलमध्ये आहे. एकाही चाकाला लागलेला नाही.

आत्या गेली तेव्हा तिच्या खणात जुन्या याद्यांची चळत निघाली. त्यात ती यादीही होती. स्क्रूड्रायव्हर, टिंब. फॅनबेल्ट, टिंब. फ्यूज, टिंब. चाकाचा पाना, चार तोंडांचा— पुढे आत्याच्या पेन्सिलीची स्वच्छ, ठसठशीत फुली. आणि खाली नेहमीची सही, सहीवर दोन शब्द: जाऊ दे.