शूर्पणखेचं नाक

आमच्या गावात रामनवमीला दुपारी लळीत व्हायचं आणि त्यातलं शूर्पणखेचं सोंग आमच्या घराकडे होतं. म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे. एरवी नांगर धरणारा मिशाळ माणूस माझं हिरवं लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून पारावर ठुमकत आला, की बायका तोंडाला पदर लावायच्या. रामकिसन लक्ष्मण व्हायचा. तो लाकडी तलवारीनं कागदाचं लांबलचक नाक उडवायचा आणि दुसऱ्या दिवशी ते नाक दुधना नदीत सोडून यायचं, अशी रीत.

हसणाऱ्यांना ह्यांचा दमा ठाऊक नव्हता. त्या बंद नाकाआड तोंडानं श्वास घेत नाचायचं, वर चैताचं ऊन. आदल्या वर्षी ओठ निळे पडून हे पारावरच मटकन बसले. लोकांना वाटलं, सोंग रंगलं; टाळ्या पिटल्या मेल्यांनी. मी मात्र पुढे वर्षभर त्यांची छाती वाजताना ऐकत होते आणि मनाशी म्हणत होते, हा माणूस एक दिवस सोंगातच जायचा.

म्हणून यंदाचं नाक मी माझ्या हातानं करायचं ठरवलं. कागदाच्या टोपल्या आम्ही बायका करतोच. पाटलांकडे हैदराबादेहून उर्दू अखबार यायचे, त्यातले जुने मागून आणले, भिजत घातले, मेथ्या वाटून टाकल्या, उखळात मऊ लगदा कुटला. टोपली असली तर पालथ्या घागरीवर लिंपतात. नाक कशावर लिंपणार? ह्यांनाच ओसरीत उताणं पाडलं, तोंडावर ओलं फडकं टाकलं आणि त्यांच्याच नाकावर थापायला बसले.

"अगं नंदे, गुदगुल्या होऊन राह्यल्या."

"हलू नका. वाकडं झालं तर लक्ष्मण कापायचा न्हाई."

सावलीत वाळवलं. हलकं, पिवळसर, मेथीच्या वासाचं. माझ्या चुलत सासू साळूबाई बघायला आल्या. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"ब्येस झालंय. नाकपुड्या तेवढ्या पाडू नको."

"का हो आत्याबाई?"

"सोंगाला न्हाई पाडत."

"पण का?"

"न्हाई पाडत म्हणलं ना."

असल्या उत्तरांनी माझं डोकं फिरतं. त्यांची पाठ वळताच मी चुलीत दाभण तापवलं आणि दोन स्वच्छ भोकं पाडली. थोडा धूर निघाला.

रामनवमीला हे नाचले ते बघण्यासारखं होतं. धाप नाही, खोकला नाही. रामकिसननं तलवार मारली, दोरा तुटला, नाक धुळीत पडलं. लोक ओरडले. मी पुढे होऊन ते उचललं.

ते कोमट होतं. घामानं असेल. पण माझ्या तळहाताला वारा लागत होता. लागायचा, थांबायचा, पुन्हा लागायचा. समोर हे सुंठवडा खात रामकिसनशी हसत होते. त्यांची छाती वर गेली, की तळहातावरचा वारा आत ओढला जाई.

घरी येऊन हे ओसरीत आडवे झाले आणि लगेच झोपले. मी कापसाचा तंतू त्यांच्या नाकाखाली धरला. तो हलला नाही. तोंड मिटलेलं होतं. छाती मात्र संथ वरखाली होत होती. मग तोच तंतू मी कोनाड्यात ठेवलेल्या कागदी नाकापुढे धरला. तो हलला.

मी खाली बसले. घाबरले का? घाबरले तर. पण खरं सांगते, त्याहून जास्त मला आनंद झाला. त्या छातीतून कसलाही आवाज येत नव्हता.

"दुधनेत सोडलं का?" दुसऱ्या दिवशी साळूबाईंनी विचारलं.

"सोडलं," मी म्हटलं.

टोपलीत कापूस घालून त्यावर नाक ठेवलं आणि टोपली शिंक्यात टांगली, उंदीर पोचू नयेत म्हणून. पुढचे महिने मी झोपेत चालल्यासारखी वावरले. मिरच्या भाजल्या, की हे तिकडे रानात शिंकत. मग शिंकं चुलीपासून लांब, माजघरात नेलं. एकदा सहज टोपलीत मोगऱ्याची फुलं टाकली. संध्याकाळी हे खुशीत घरी आले.

"आज सारं रान मोगऱ्यानं भरल्यावाणी वास सुटल्ता बघ."

मग मी रोज काहीबाही ठेवू लागले. कधी वाळा, कधी पाडाचा आंबा. ह्यांना त्यातलं काही सांगितलं नाही. उलटही होई. दुपारी टोपलीजवळ तोंड नेलं, की आतून ते असतील तिथला वास येई. तंबाखू, बैलाचा घाम, नांगरलेलं ढेकूळ. घरात कुणी नसलं, की मी तिथेच बसून राही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस इतका जवळ मला कधी मिळाला नव्हता.

दमा गेला तसे हे धीट झाले. पूर्वी नदीला पाणी आलं, की घराबाहेर पडत नसत. त्या भादव्यात दुधना दुथडी वाहत होती आणि हे बदनापूरच्या बाजाराला निघाले.

"उद्या जावा की."

"अगं, छाती बघ कशी झाली. पोहून जातो. जल्दी येतो."

दुपारी मी वाती वळत बसले होते. शिंक्याखालची जमीन ओली दिसली. वर पाहिलं. छप्पर गळत नव्हतं. टोपली खाली घेतली.

नाकपुड्यांतून पाणी येत होतं.

गढूळ पाणी. त्यात बारीक वाळू.

मी पदरानं पुसलं. पुन्हा आलं. नाक पालथं केलं, झटकलं, शेवटी तोंड लावून माझा श्वास त्यात भरत राहिले. "नका ना," असं काहीतरी बोलतही होते.

मग पाणी थांबलं.

वाराही थांबला.

मी कापूस धरून बसले. कापूस हलला नाही.

दिवेलागणीला अंगणात वहाणा वाजल्या. हे दारात उभे होते. धोतर कोरडं, पागोटं कोरडं, हातात बाजाराची पिशवी.

मी धावत जाऊन त्यांच्या नाकाखाली हात धरला. वारा नव्हता. पण तो तर रामनवमीपासूनच नव्हता. छातीवर हात ठेवून बघायला पाहिजे होतं. हात धजेना.

"अशी काय बघून राह्यली?"

"काही न्हाई. बसा. पाणी देते."

हे पाटावर बसले. मी तांब्या पुढे केला. त्यांनी तो हळूच माझ्याकडे परत सारला.

"नको गं," ते म्हणाले. "आज लई पेलो."