उशी कुठल्या राज्यात?

ज्या दगडावर ती वडिलांचा पायजमा आपटत होती, तो दगड म्हणजे दोन राज्यांची सीमा आहे, हे तिला एका परक्या तरुणानं सांगितलं. इतक्या अदबीनं सांगितलं, की पायजम्यालाही उभं राहावंसं वाटलं असेल.

"माफ करा… पण हा चारशे बारा आहे."

"पायजमा?"

"दगड." त्यानं वाकून फेस पुसला. खालून कोरलेला आकडा निघाला. "चारशे अकरा सापडला, चारशे तेरा सापडला. याला मात्र तीन दिवस शोधतोय, आणि हा इथे… साबणाखाली!"

खांद्यावर तिपाई, हातात लाल-पांढरी काठी, उन्हानं सोललेलं नाक. सीमेचा मोजणीदार होता तो. आणि तिला सगळे टिकटिक म्हणत, कारण वडील घड्याळजी आणि पोरीचं तोंड दिवसभर चालू. त्या क्षणी मात्र ती चावी संपल्यासारखी गप्प झाली. जे कोडं पाच महिने दोन कचेऱ्यांना सुटलं नव्हतं, त्यावर ती रोज धुणं धूत होती!

कोडं असं. टिकटिकला दोन सरकारी विद्यापीठांनी बोलावलं होतं. इकडच्या राज्याचं विद्यापीठ बसनं बारा मिनिटांवर. तिकडच्या राज्याचं लांब डोंगरावर, आणि त्याच्या माथ्यावर आकाश पाहायची पांढरी घुमटी. स्वच्छ सकाळी ती टिकटिकच्या खिडकीतून मोहरीएवढी दिसायची. ग्रहताऱ्यांचं शिक्षण दोन्हीकडे होतं. इकडे ते पुस्तकात होतं, तिकडे डोक्यावर. पण ज्या राज्याचे तुम्ही रहिवासी, तिथे फी एकपट आणि वसतिगृहात जागा. बाहेरच्याला फी तिप्पट आणि जागेचं 'बघू'. आणि टिकटिक कुठली, ते कोणी लिहूनच देईना. इकडचा कारकून म्हणे, तुमचं घर तिकडे. तिकडचा म्हणे, इकडे. दोन सरकारं पोरीला एकमेकांच्या गळ्यात बांधत होती, आणि रहिवासाचा दाखला जमा करायला पाच दिवस उरले होते.

आवाज ऐकून आत्या बाहेर आली.

"दगड होय? तो मी हलवला. खोली वाढवायची होती, मध्ये येत होता."

"हलवला?" मोजणीदाराच्या हातून काठी निसटली. "एकट्यांनी?"

"मग काय फौज बोलावू?"

खोटं वाटलं तर वाटू दे, पण आत्यानं बाह्या सरसावून, लढाई न करता, एका राज्याला दोन खोल्या मिळवून दिल्या होत्या. वर त्यावर वीस वर्षं चादरी धुतल्या होत्या.

आता दगडाची मूळ जागा शोधायला दोन शेजारच्या दगडांमधून रेघ ओढायची होती. काठी धरायला माणूस हवा होता. टिकटिकनं पायजमा पिळला आणि काठी उचलली.

"मी हात उजवीकडे केला की उजवीकडे सरकायचं," तो म्हणाला. "डावीकडे केला की डावीकडे. दोन्ही हात वर केले, की समजायचं खूण पक्की. मग खुंटी ठोकायची आणि… हलायचं नाही."

ती लांब माळावर जाऊन उभी राहिली. तो तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसला. थोडं उजवीकडे. थोडं डावीकडे. पुन्हा उजवीकडे. पुन्हा… माळावरच्या मुंग्यासुद्धा कंटाळून घरी गेल्या म्हणतात.

"मोजणीला इतका वेळ लागतो?" तिथून ती ओरडली.

"चांगल्या मोजणीला लागतो!"

परत आल्यावर तिनं विचारलं, "यातून मी कशी दिसले?"

"उलटी."

"काय?"

"म्हणजे… हे जुनं यंत्र आहे. यातून सगळंच उलटं दिसतं. सवय होते." तो थांबला. "तुमची मात्र… नाही झाली."

तिनं डोळा लावला, आणि तिचं आपलं, रोजचं, कंटाळवाणं घर आभाळाला पाय टेकून लोंबकळत होतं! आत्या वटवाघळासारखी टांगलेली, दोरीवरच्या चादरी आभाळात उगवत होत्या. टिकटिक हसली, आणि हसता हसता थांबली. एकोणीस वर्षं ज्या घरात राहिली, ते तिनं आज पहिल्यांदा पाहिलं होतं.

"आणखी एक दाखवू?" त्यानं यंत्र आधी इकडच्या विद्यापीठाच्या फाटकाकडे वळवलं. मग हळूच, दोन बोटांनी, डोंगराकडे.

मोहरीचा दाणा राहिला नव्हता. शुभ्र, भली मोठी घुमटी आभाळाच्या काठावरून थेंबासारखी लोंबत होती, आता गळेल की मग गळेल अशी. तिला फट होती. फटीत अंधार होता. त्या अंधारात काहीतरी आभाळाकडे तोंड करून वाट पाहत होतं. टिकटिक काही बोलली नाही. टिकटिक! तिच्या तोंडून 'अगंबाई'सुद्धा निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी रेघ घरात शिरली. परसातून दोरी आली, खिडकीतून आत गेली आणि टिकटिकच्या पलंगाच्या बरोब्बर मधून पलीकडे निघाली. अर्धा पलंग इकडे, अर्धा तिकडे.

मोजणीदारानं नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"सीमा घरातून जात असेल, तर रहिवासी झोपताना डोकं ज्या राज्यात ठेवतो, तो त्या राज्याचा." त्यानं घसा साफ केला. "तर… झोपताना… तुमचं डोकं कुठल्या बाजूला असतं?"

"ही चौकशी सरकारी की खासगी?"

"सरकारी… अर्धी."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती पुस्तकात नाही."

टिकटिकनं उशीकडे पाहिलं. "उन्हाळ्यात खिडकीकडे असतं. थंडीत भिंतीकडे. म्हणजे… मी म्हणेन ते?"

"तुम्ही म्हणाल ते. मात्र एकदा लिहिलं की बदलत नाही."

तिला हसू यायला हवं होतं. पण तिनं उशी उचलून छातीशी धरली. पाच महिने ती रेघेची वाट पाहत होती. रेघ सांगेल तिकडे जायचं, मग चुकलं तर रेघेचं चुकलं. आणि रेघ आली ती तिच्यावरच येऊन थांबली.

"आत्या, तू सांग ना."

"मी एकदा दगड हलवला त्याचा हा व्याप झाला. आता उशी हलवायला सांगू नकोस. तुझी उशी, तुझी मान."

वडील डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात डोकावत होते. वर न पाहता म्हणाले, "तू तिकडे गेलीस तर या घरातली टिकटिक बंद होईल. एवढंच. बाकी माझं काही म्हणणं नाही." आणि भिंग पुसू लागले. भिंग स्वच्छच होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मोजणीदाराला परसात गाठलं.

"तुमचं मत काय?"

"मोजणीदाराला मत नसतं. असलं की रेघ वाकते."

"बरं. मोजणीदार स्वतः डोकं कुठे ठेवून झोपतो?"

"इकडे." तो तिपाईच्या पायाशी बोलला. "कचेरीमागं खोली आहे. इकडच्या विद्यापीठाच्या फाटकासमोर. खिडकीतून… येणारे-जाणारे दिसतात."

दोरीवरची चादर उगाच फडफडली.

"म्हणजे इकडे लिहू?"

आता पाहा, त्यानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कुणाला कळलं असतं? पण त्यानं खिशातून मोजणीची वही काढली आणि एक पान उघडलं.

"मत नाही. एक मोजमाप आहे. त्या दिवशी ती घुमटी पाहिलीत, तेव्हा तुमचा श्वास थांबला होता. मी मोजला. चौदा सेकंद."

"आणि इकडचं फाटक पाहिलं तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही…" तो ओशाळला, "जांभई दिलीत."

टिकटिक त्याच्याकडे पाहत राहिली. घुमटीकडे पाहिलं होतं तशीच. या माणसाच्या खिडकीसमोरचं फाटक त्याच्या जिभेच्या टोकावर होतं, आणि त्यानं रेघ वाकू दिली नव्हती. तो पेन्सिल पुढं करत होता. त्याच हाताची रेघ दोन राज्यं मान्य करत होती.

तिनं लिहिलं, 'उशी: तिकडे.'

"पोहोचले की पहिल्या शनिवारी," ती म्हणाली, "चार वाजता यंत्र डोंगराकडे लावून ठेवाल?"

"कशाला?"

"चौकशी खासगी आहे."

पहिल्या शनिवारी तो तीन वाजताच परसात हजर होता. मोजणी कधीच संपली होती. पलंगाखाली पितळी खिळा बसला होता, आणि नोंदीत त्यानं लिहिलं होतं, 'मूळ जागी खूण केली. दगड वापरात आहे.'

चार वाजले. भिंगात घुमटी थेंबासारखी लोंबत होती. खालच्या गच्चीवर नव्या मुलांच्या सरावाची लहान दुर्बीण होती. लहान म्हणजे तोफेएवढी. तिच्या मागून एक ठिपका बाहेर आला. त्या ठिपक्यानं हात केला… उजवीकडे.

मोजणीदार उजवीकडे सरकला. धावत येऊन पुन्हा डोळा लावला. आणखी उजवीकडे. मग डावीकडे. थोडं मागं. ती तिकडून त्याला उलटा पाहत होती, तो इकडून तिला उलटी. दोन डोंगर आणि एक दरी ओलांडून दोन उलट्या नजरा एकमेकींत मिसळल्या, आणि सगळं कसं सरळ दिसू लागलं. हे मी नाही, तोच सांगतो.

आत्या बादली घेऊन बाहेर आली. "हे काय, नाचताय काय?"

"मला मोजतायत, आत्या."

शेवटी तो थांबला तो दगड चारशे बारावर. आत्याच्या सीमेप्रमाणे एक पाय इकडे, एक तिकडे. तिथून यंत्राला जेमतेम डोळा पोहोचत होता.

दूर, आभाळाच्या काठावर, एका उलट्या ठिपक्यानं दोन्ही हात वर केले. आणि खाली घेतलेच नाहीत.

त्याचा श्वास थांबला. किती सेकंद, ते मोजायला तिथे कुणी नव्हतं.

"काय म्हणतेय ती?" आत्यानं विचारलं.

"म्हणतेय… खूण पक्की. हलायचं नाही."

"मग उभे राहा तसेच," आत्या म्हणाली आणि चादर खांद्यावर टाकून आत वळली. "धुणं काय, उद्याही होईल."